टायनी हाऊस बांधायचंय? आधी उभा छेद काढा, नकाशा मग

टायनी हाऊसचे फोटो बघून बांधायला घेणाऱ्यांची गल्लत बहुतेक एकाच ठिकाणी होते. मोठ्या घराचा नकाशा घ्यायचा आणि तो आक्रसत न्यायचा: बेडरूम लहान, स्वयंपाकघर लहान, बाथरूम लहान. असं केलं की एकही खोली धड वापरता येत नाही, कारण माणूस काही आक्रसत नाही. त्याचे खांदे तेवढेच रुंद, गुडघे तेवढेच लांब, आणि भिजलेली छत्री ठेवायला जागाही तेवढीच लागते. छोट्या घराची आखणी खोल्यांपासून करायची नसते. अंगाची मापं, उंची आणि दिवसभराची हालचाल इथून ती सुरू होते. खालचा सगळा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

किती छोटं म्हणजे टायनी, याला जगभर चालणारा एकच आकडा नाही. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय निवासी संहितेत २०१८ साली ‘परिशिष्ट क्यू’ आलं. त्यात पोटमाळा सोडून ४०० चौरस फूट किंवा त्याहून कमी, अशी व्याख्या आहे. चाकांवरची घरं साधारण याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली असतात. नवख्या माणसाला या परिशिष्टाचा उपयोग असा, की ते तुमच्याकडे लागू असो वा नसो, त्यातली मापं विचारपूर्वक ठरवलेली आहेत. पुढे काही ठिकाणी तीच घेतली आहेत.

सामान मोजा, दिवसही मोजा

कागद-पेन्सिल घेऊन आधी सामानाची यादी करा. ‘कपडे’ असं लिहू नका; हँगरला लटकणारे कपडे दांडीवर किती सेंटीमीटर खातात ते मोजा. ‘पुस्तकं’ नको; फळीची किती लांबी लागते ते लिहा. सर्वांत लांब वस्तू कोणती (झाडू, सायकल, इस्त्रीचा टेबल), सर्वांत अवजड कोणती, आणि वर्षातून एकदाच लागणारी कोणती, हे वेगळं टिपून ठेवा. लांब वस्तूंसाठी किमान एक उभा कप्पा पूर्ण उंचीचा लागतोच. तो विसरला की झाडू कायमचा दारामागे पडतो.

मग दिवस मोजा. घरात दोघं राहणार असतील तर सकाळी सात ते नऊ या वेळात दोघं नेमकी कुठे असतात ते लिहून काढा. एकजण ओट्यापाशी आणि दुसऱ्याला बाथरूममध्ये जायचंय, वाट ओट्यासमोरूनच आहे, असं दिसलं तर भांडण नकाशातच पेरलेलं आहे असं समजा. एकाला रात्री काम करायचं आणि दुसऱ्याला झोपायचं, हा तर नेहमीचाच पेच. त्याचं उत्तर भिंतीपेक्षा दिव्यांच्या जागेत जास्त असतं: टेबलावरच पडणारा, वर न सांडणारा उजेड.

यादीत आणखी एक रकाना ठेवा: घराबाहेर काय ढकलता येईल? वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए याने १९५१-५२ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी एक लाकडी खोली बांधली. ३.६६ मीटर लांब, तेवढीच रुंद, उंची २.२६ मीटर. आज ती जागतिक वारसा यादीत आहे आणि छोट्या घराचा आदर्श म्हणून तिचे दाखले दिले जातात. पण त्या खोलीत स्वयंपाकघर नव्हतं. शेजारी खानावळ होती आणि खोलीतून तिथे जायला थेट दार होतं. ज्या ज्या छोट्या घराचं कौतुक होतं, त्याच्या बाहेर काय काय आहे ते आधी विचारावं. कपडे धुण्याचं यंत्र, अवजारं, पाहुण्यांची झोपायची सोय यांतलं काहीही बाहेर टाकता आलं, तर आतले चौरस फूट वाचतात. घराबाहेरचा छत असलेला ओटा किंवा व्हरांडा हा सर्वांत स्वस्त चौरस फूट असतो.

चाकं हवीत का?

हा निर्णय पुढचं सगळं ठरवतो, त्यामुळे तो मधेच बदलता येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: घर फार तर एकदा-दोनदाच हलवायचं असेल तर चाकांच्या भानगडीत पडू नका. जमिनीवर पाया घालून बांधा, किंवा लाकडी-पोलादी स्किडवर (घराखालच्या लांब, जाड तुळयांवर) बांधा; गरज पडलीच तर क्रेन आणि ट्रक लावून ते हलवता येतं. चाकांमुळे रुंदी, उंची आणि वजन या तिन्हींवर रस्त्याचे नियम लागतात. युरोपात वाहनाची रुंदी साधारणपणे २.५५ मीटर आणि उंची ४ मीटर यात बसवावी लागते. अमेरिकेत विशेष परवान्याशिवाय रुंदी ८ फूट ६ इंच, आणि बहुतेक राज्यांत उंची १३ फूट ६ इंच. बांधायच्या आधी आपल्याकडचा आकडा लेखी मिळवा.

रस्त्याचा नियम वेगळा आणि राहण्याचा नियम वेगळा, हेही लक्षात असू द्या. चाकांवरचं घर अनेक ठिकाणी वाहन समजलं जातं, आणि वाहनात कायम राहायला परवानगी नसते. पक्क्या पायावरचं घर इमारत धरलं जातं, मग किमान क्षेत्रफळाची अट आडवी येऊ शकते. स्थानिक बांधकाम खात्यात जाऊन ‘टायनी हाऊस चालतं का?’ असं विचारलं तर उत्तर गोल मिळतं. त्याऐवजी नेमकं विचारा: या भूखंडावर इतक्या क्षेत्रफळाची राहती वास्तू चालेल का, सांडपाण्याची व्यवस्था कोणती लागेल, वीजजोडणी कोणत्या वर्गात मिळेल?

पाया जमिनीवर असेल तर छोट्या घराची एक खोड आहे: ते हलकं असतं. मोठं घर आपल्या वजनानेच जागेवर बसतं; हलक्या घराला वादळी वारा छपराकडून वर उचलतो. त्यामुळे खांब नुसते खाली टेकवून चालत नाही. छप्पर भिंतीला, भिंत तळाला आणि तळ पायाला धातूच्या पट्ट्या-बोल्टांनी सलग बांधलेला हवा. जमीन गोठते अशा प्रदेशात खांबाचा तळ गोठण्याच्या थराखाली न्यावा लागतो, नाहीतर हिवाळ्यात माती फुगून घर वाकडं होतं.

उभा छेद

आता मुख्य काम. नकाशा म्हणजे वरून पाहिलेलं घर. छेद म्हणजे सुरीने उभं कापून बाजूने पाहिलेलं घर. पोटमाळ्यावर झोपायचं असेल तर घर चालणार की नाही ते छेदात ठरतं.

चाकांवरच्या घराचा हिशेब करून बघू. एकूण उंची ४०० सेंमी धरा. ट्रेलरचा तळ जमिनीपासून साधारण ६० सेंमीवर असतो. फरशीचे थर (सांगाडा, इन्सुलेशन म्हणजे उष्णता अडवणारा थर, वरची फळी) १२ सेंमी. पोटमाळ्याखाली उभं राहून काम करायला १९५ सेंमी ठेवू. पोटमाळ्याची स्वतःची जाडी १० सेंमी. वरचं छप्पर सगळ्या थरांसकट १६ सेंमी. बेरीज झाली २९३. म्हणजे पोटमाळ्यावर उरतात १०७ सेंमी. त्यातून गादीचे १५ गेले की ९२.

प्रौढ माणूस मांडी घालून ताठ बसला की बुडापासून डोक्यापर्यंत साधारण ८५ ते ९५ सेंमी भरतो. म्हणजे छपराच्या बरोबर मध्यावर, जिथे उंची सर्वांत जास्त, तिथे तुम्ही जेमतेम बसू शकाल. दोन्ही बाजूंना उतरतं छप्पर असेल तर जोडीदाराचं डोकं लागणारच. फोटोत हे कळत नाही, कारण फोटोत माणूस आडवा असतो.

यातून वाटा आहेत. छप्पर दुपाखी न ठेवता एकाच बाजूला हलका उतार दिला, तर उंची बऱ्याच रुंदीवर मिळते. पोटमाळ्याखाली स्वयंपाकघराऐवजी बसून वापरायची जागा ठेवली, तर खालची उंची कमी करता येते. पण ती कमी करताना आपल्याकडचा नियम बघा. परिशिष्ट क्यूमध्ये राहत्या जागेला किमान ६ फूट ८ इंच, आणि बाथरूम-स्वयंपाकघराला ६ फूट ४ इंच (म्हणजे १९३ सेंमी) उंची लागते. पोटमाळा मात्र निदान ३५ चौरस फुटांचा आणि कोणत्याही बाजूने ५ फुटांपेक्षा अरुंद नसावा.

तिसरी वाट म्हणजे पोटमाळा नकोच. खालीच पलंग, त्याखाली खण. चाळिशीनंतर, गुडघे कुरकुरत असतील तर, किंवा घरात लहान मूल असेल तर मी हीच सुचवतो. मध्यरात्री अर्धवट झोपेत शिडी उतरण्यात काही काव्य नाही.

पोटमाळा ठेवणारच असाल तर जिना त्याच वेळी छेदात काढा. वरच्या उदाहरणात पोटमाळा खालच्या फरशीपासून २०५ सेंमीवर आहे. परिशिष्ट क्यूमध्ये एक सोपं सूत्र आहे: पाय ठेवायची खोली म्हणजे २० इंच वजा पायरीच्या उंचीच्या चार तृतीयांश. पायरी ९ इंच उंच घेतली तर पाय ठेवायला ८ इंच मिळतात. २०५ सेंमी चढायला अशा ९ चढण्या लागतात, आणि मधल्या ८ पायऱ्यांना जमिनीवर साधारण १६० सेंमी लांबी. सहा मीटरच्या घरात हा पाव भाग झाला! म्हणूनच प्रत्येक पायरी म्हणजे एक खण असलेले जिने दिसतात. ती हौस नसून जागेची वसुली आहे. शिडी जागा वाचवते, पण हातात पाण्याचा तांब्या घेऊन ती चढता येत नाही.

रुंदीचा हिशेबही करून टाका. बाहेरून २५५ सेंमी, दोन्ही भिंती १५-१५ सेंमी, आत उरतात २२५. ओटा ६० खोल, समोर ६० खोल कपाट ठेवलं तर मधे १०५. एकाला काम करायला आणि दुसऱ्याला मागून सरकायला एवढे लागतातच. समोरचं कपाट ३० खोल केलं तर वाट मोकळी होते, आणि तसंही खोल कपाटात मागे गेलेली वस्तू परत दिसत नाही.

खडूने आखा

कागदावर जमलं की खऱ्या मापात जमिनीवर आखा. मोकळी गच्ची, अंगण, हॉल काहीही चालेल. भिंती खडूने किंवा चिकटपट्टीने, ओटा म्हणून टेबल, कपाटं म्हणून पुठ्ठ्याची खोकी, आणि पोटमाळ्याच्या उंचीवर ताणलेली दोरी. मग त्यात वावरा. अंगावर शर्ट चढवा, वाकून बूट घाला, दार उघडून आत या. शॉवरचा ८० बाय ८० सेंमीचा चौकोन आखून त्यात पाठ चोळण्याचा अभिनय करा. कमोडच्या मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना निदान ३८ सेंमी मोकळे हवेत, समोर ५५-६०. दारं कुठे उघडतात ते खडूने कमानीसारखी रेघ मारून दाखवा. दोन दारं एकमेकांवर आपटत असतील तर एक सरकतं करा. सरकत्या दाराला बाजूची पूर्ण भिंत लागते आणि त्या भिंतीवर मग बटण, हुक, फळी काही बसत नाही, हेही खडूनेच दिसतं.

वजनाची वही

हा भाग जमिनीवरच्या घराला कमी लागू. चाकांवर मात्र वजनाची वही पहिल्या दिवसापासून ठेवा, कारण ट्रेलर आणि आसांची क्षमता ठरलेली असते. युरोपात नेहमीच्या गाडीमागे ओढायच्या ट्रेलरला एकूण ३,५०० किलोची मर्यादा बहुतेक ठिकाणी आडवी येते, आणि त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजन धरलेलं असतं.

सहा मीटर लांबीच्या घराच्या चारही भिंती मिळून साधारण ५० चौरस मीटर होतात. आतून ९ मिमी प्लायवुड लावलं तर चौरस मीटरला साडेपाच किलोच्या आसपास, एकूण पावणेतीनशे किलो. साडेबारा मिमी जिप्सम बोर्ड लावलं तर साडेचारशेच्या घरात, शिवाय रस्त्यावरच्या हादऱ्यांनी सांधे तडकतात ते वेगळंच. बाहेरून ८ मिमी सिमेंट-फायबर बोर्ड म्हणजे साडेपाचशे किलो. अर्ध्या मिमीचा प्रोफाइल (पन्हळी) पत्रा सव्वादोनशे. दोन ठिकाणच्या निवडीतच पाचशे किलोंचा फरक पडला. दुहेरी काच (४ अधिक ४ मिमी) चौरस मीटरला २० किलो भरते, त्यामुळे भिंतभर खिडकीचा मोह आवरा. पाणी लिटरला किलो: २०० लिटरची टाकी भरून रस्त्यावर निघू नये.

नुसती बेरीज पुरत नाही, वजन कुठे आहे तेही बघावं लागतं. जड वस्तू मागच्या टोकाला गेल्या की ट्रेलर वेगात डोलायला लागतो, आणि तो डोलायला लागला की सावरणं अवघड. हुकवर किती भार यायला हवा ते ट्रेलर बनवणारा सांगतो. त्यानुसार स्वयंपाकघर, बाथरूम, बॅटऱ्या यांच्या जागा ठरवा. डाव्या-उजव्या बाजूचा तोलही असतो. ओटा, फ्रिज आणि टाकी तिन्ही एकाच बाजूला आले तर घर कायम कलतं राहील. सांगाडा झाल्यावर आणि काम संपल्यावर, असं दोनदा तरी वजनकाट्यावर नेऊन आणा.

सांगाडा, भिंती, छप्पर

नवख्याला लाकडी सांगाडा सर्वांत सोपा. ३८ बाय ८९ मिमीची उभी लाकडं ४० किंवा ६० सेंमीवर, बाहेरून प्लायवुड. पातळ पत्र्याचा स्टील सांगाडा हलका आणि सरळ असतो, वाळवीची धास्ती नाही. पण स्टील लाकडापेक्षा शेकडोपट वेगाने उष्णता वाहून नेतं. बाहेरून सलग इन्सुलेशनचा थर दिला नाही तर प्रत्येक उभ्या पट्टीच्या रेषेत आत घाम धरतो. तयार सँडविच पॅनेलचं (दोन पातळ आवरणांमध्ये इन्सुलेशन असलेल्या फळ्यांचं) काम झटपट होतं. फक्त वायरी आणि नळ्यांची जागा आधीच पक्की करावी लागते.

तळ लेव्हलमध्ये आहे ना, कोपरे गुण्यात (काटकोनात) आहेत ना, हे कर्ण मोजून तपासा. दोन्ही कर्ण सारखे आले तरच पुढे जा. तळाशी पडलेला सेंटीमीटरचा फरक छपरापाशी पत्र्याच्या प्रत्येक ओळीत दिसतो, आणि तोवर उपाय उरत नाही. चाकांवरच्या घरात प्लायवुड सांगाड्याला गोंद आणि खिळे दोन्ही लावून घट्ट करा, कारण प्रत्येक वळणावर चौकट तिरकी व्हायला बघते. जिप्सम बोर्डाला लावायचे काळे स्क्रू सांगाड्यात वापरू नका. ते ठिसूळ असतात, आडव्या जोराने तुटतात.

भिंतीच्या बाहेरच्या आवरणामागे साधारण २ सेंमीची हवेची पोकळी ठेवा, खाली-वर उघडी, किड्यांसाठी जाळी लावून. आवरणातून आत शिरलेलं पाणी तिथून निथळतं आणि लाकूड सुकतं. छपराला वळचण ठेवता आली तर भिंतीचं आणि खिडक्यांचं आयुष्य वाढतं. रस्त्याच्या रुंदीमुळे ती ठेवता येत नसेल तर खिडकीवरचं फ्लॅशिंग (पाणी बाहेर वळवणारी पत्र्याची पट्टी) दुप्पट काळजीने करा. गळती पत्र्याच्या मध्यातून क्वचितच होते. ती होते जिथे काहीतरी छेदून आत येतं: धुराडं, नळी, सोलरची केबल. म्हणून छपरात जितकी कमी भोकं, तितकं बरं.

आतलं अस्तर लावायच्या आधी दोन कामं करा. पाइपने सगळ्या खिडक्यांवर, छपरावर खालून वर जात भरपूर पाणी मारा आणि आतून बघा. मग प्रत्येक भिंतीचा, मोजपट्टी धरून, फोटो काढा. पुढे फळी ठोकताना वायर कुठून गेली हे हा फोटोच सांगेल.

ओल: खरी कसोटी

छोट्या घरात जागा पुरत नाही म्हणून माणसं रडतात, आणि घर मात्र कुजतं ओलीने. कारण साधं आहे. माणसं तितकीच, श्वास तितकाच, आणि हवा मात्र फारच थोडी.

वरच्याच घरात सगळी मिळून साधारण ३३ घनमीटर हवा आहे. २० अंशांना एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ धरते. म्हणजे सगळं घर मिळून ५७० ग्रॅम. झोपताना आर्द्रता ५० टक्के असली तर निम्मी जागा आधीच भरलेली. उरली २८५ ग्रॅमची. दोन माणसं झोपेत श्वास आणि घामातून तासाला प्रत्येकी ४० ग्रॅम वाफ सोडतात असं धरलं, तर आठ तासांत ६४० ग्रॅम. दारं-खिडक्या घट्ट बंद असतील तर पहाटेच्या खूप आधीच हवा तुडुंब भरते आणि पाणी सर्वांत गार पृष्ठभागावर उतरतं: काच, चौकटीचा धातू, कपाटामागची भिंत, गादीचा तळ. गॅस जाळलात तर त्यातूनही पाणी निघतं. एक किलो एलपीजी जळून सुमारे १.६ किलो.

म्हणून वायुवीजन हा शोभेचा विषय नाही. बाथरूममध्ये आणि ओट्यावर बाहेर हवा फेकणारे पंखे हवेतच, आणि ते हवा बाहेर फेकतील तेवढीच आत यायला ठरवून ठेवलेली वाट हवी. नुसता पंखा लावून घर घट्ट बंद केलं तर पंखा नुसताच घुमतो. उन्हाळ्यात गरम हवा पोटमाळ्यावर साचते, तेव्हा तिथे समोरासमोर दोन उघडत्या खिडक्या, किंवा एक छपरात आणि एक खाली, अशी सोय करा. फार थंड प्रदेशात बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारं यंत्र लावतात. ते लावलं की हिवाळ्यात खिडकी उघडायची की कुडकुडायचं, हा प्रश्न उरत नाही.

गादी कधीही सलग प्लायवुडवर टाकू नका. खाली पट्ट्या ठेवा, त्यांच्यामध्ये बोट जाईल इतकी फट, आणि पट्ट्यांखालून हवा फिरू द्या. सलग फळीवरची गादी उचलून पाहिली की खाली काळे ठिपके दिसतात, ती बुरशी. कपाटांची मागची बाजू बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका.

इन्सुलेशन निवडताना जाडीचा भाव लक्षात घ्या. ९ सेंमी खनिज लोकर जे काम करते ते साधारण ६ सेंमी पीआयआर फोम (इन्सुलेशनचा कडक फोम) करतो, आणि वाचलेले ३ सेंमी दोन्ही भिंतींत मिळून ६ होतात. खनिज लोकर मात्र जळत नाही आणि आवाजही शोषते. बाष्परोधक पडदा (वाफ भिंतीत शिरू न देणारं प्लास्टिक) कुठे लावायचा यावर मतं ऐकाल तेवढी कमी. तत्त्व एवढंच की तो उबदार बाजूला हवा. थंड प्रदेशात आतून. उष्ण-दमट प्रदेशात एसी चालणार असेल तर आतून प्लास्टिक लावणं म्हणजे भिंतीत ओल कोंडून ठेवणं.

पाणी आणि वीज

पाण्याचा हिशेब सरळ आहे. साधा शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडतो असं धरा; पाच मिनिटांची अंघोळ ४० लिटर. दोघांच्या अंघोळीला ८०, वर स्वयंपाक आणि भांडी. २०० लिटरची टाकी दोन दिवसांत तळाला जाते. सांडपाण्याच्या नळीला मीटरला २ सेंमी उतार द्या, आणि प्रत्येक ड्रेनखाली पाणी धरणारा ट्रॅप ठेवा, नाहीतर छोट्या घरात नळीतला वास थेट उशाशी येतो. सांडपाण्याची जोडणी नसेल तर लघवी वेगळी करणारा कंपोस्ट संडास चांगला चालतो. तो रिकामा करायची तुमची तयारी आहे का, हे प्रामाणिकपणे ठरवा.

विजेसाठी प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि तास गुणून यादी करा. चार एलईडी दिवे, दोन कमी वॅटचे पंखे, दोन लॅपटॉप, छोटा फ्रिज, राउटर, पंप असं सगळं मिळून दिवसाला सव्वादोन युनिटच्या आसपास येतं. त्यात तासभर इंडक्शन शेगडी चालवली की आणखी २ युनिट. ४० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सव्वा युनिट. जे यंत्र उष्णता निर्माण करतं तेच वीज खातं, हे एवढ्यावरून दिसतं. एक किलोवॉटचे सोलर पॅनेल दिवसाला साडेचार तास चांगलं ऊन धरलं तर नुकसान वजा जाता तीन-साडेतीन युनिट देतात. छप्पर असतं १५ चौरस मीटरचं, आणि त्यातही सगळं वापरता येत नाही. त्यामुळे फक्त सोलरवर राहायचं असेल तर पाणी तापवायला सौर हीटर किंवा गॅस असा वेगळा रस्ता काढा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० ते ९० टक्के वापरता येते, लेड-ॲसिड निम्मीच. किमतीची तुलना करताना हा हिशेब धरूनच करा. मुख्य बोर्ड आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. हे हौशीने शिकायचं काम नव्हे.

आग लागली तर

दाराशेजारीच ओटा आणि ओट्यावरच पोटमाळा, असा नकाशा फार दिसतो. आग ओट्यावर लागते. म्हणजे झोपलेल्या माणसाचा एकमेव रस्ता आगीतून जातो. पोटमाळ्यावर अंग बाहेर काढता येईल अशी उघडती खिडकी ठेवाच. अमेरिकी संहितेत सुटकेच्या खिडकीला निव्वळ उघडीप ५.७ चौरस फूट, रुंदी निदान २० इंच आणि उंची २४ इंच अशी मापं आहेत. रुंदी आणि उंची दोन्ही किमान ठेवली तर ५.७ भरत नाही, म्हणून एक तरी माप वाढवावं लागतं. स्मोक अलार्म आणि कार्बन मोनॉक्साइड अलार्म दोन्ही लावा. धूर बाहेर न सोडणारा गॅस किंवा रॉकेलचा हीटर या घरात नकोच.

कामाचा क्रम, आणि फर्निचर शेवटी

तळ, सांगाडा, छप्पर, खिडक्या, पाण्याची चाचणी, वायरी-नळ्या, तपासणी, इन्सुलेशन, अस्तर, फरशी, मग ओटा आणि बाथरूम. खिडक्या-दारं मापं देऊन मागवायला वेळ लागतो, म्हणून सांगाडा उभा करण्यापूर्वीच मागवा, आणि आलेल्या खिडकीचं माप घेऊनच चौकट करा. जुन्या बाजारातून आणलेली खिडकी असेल तर सांगाड्याचं चित्र तिच्याभोवती बदलावं, उलट नाही.

कायमचं फर्निचर मात्र लगेच ठोकू नका. ओटा, बाथरूम आणि पलंग झाले की आत राहायला जा आणि बाकी सामान खोक्यांत, हुकांवर, एखाद्या घडीच्या टेबलावर ठेवून काही आठवडे काढा. पिशवी आल्यावर कुठे टेकवली जाते, चष्मा कुठे राहतो, ओला टॉवेल कोणत्या हुकवर जातो, हे सुताराला आधी कोणीच सांगू शकत नाही. जिथे वस्तू आपोआप जमतात तिथे फळी मारा. अस्तर लावताना सांगाड्यात कंबरेच्या आणि डोक्याच्या उंचीवर आडव्या लाकडी पट्ट्या टाकून ठेवल्या असतील तर कुठेही स्क्रू धरतो. ते काम एका दुपारचं आहे आणि पुढे अनेकदा उपयोगी पडतं.

चाकांवरचं घर पहिल्यांदा हलवलंत तर निघताना सगळे खण आणि दारं कडीने बंद करा, ५०-१०० किलोमीटरवर थांबून चाकांचे नट पुन्हा आवळा, आणि पोहोचल्यावर सामान लावायच्या आधी घर लेव्हलमध्ये घ्या. फ्रिजचं दार आपोआप उघडत असेल तर अजून एका कोपऱ्याचा जॅक फिरवायचा बाकी आहे.